पंजा उचला, सर!

बातमीदाराची डायरी पुढून भरते ती बातम्यांनी. असले किस्से आम्ही मागच्या पानापासून उलटे लिहीत येतो. पूर्वी वर्ष संपलं तरी मागं चार-पाच पानंच भरायची. आता मागचीच बाजू धावत पुढं येते. बातम्या कमी झाल्या नाहीत हो, बातम्या लिहिणारे कमी झाले! हिंगोलीच्या बसस्टँडजवळ, एका हॉटेलाच्या माडीवर आमच्या पेपरची खोली आहे. खुर्च्या चार, माणूस एक. तो मी. आणि एक लॅपटॉप, ज्याचा कर्सर त्याच्या मनाला येईल तिकडं उडतो. गेल्या वर्षी मुख्य कचेरीनं कळवलं, "लॅपटॉप निकामी झाल्यास कार्यालय बंद करून वार्ताहरानं घरून मोबाईलवर काम करावं." म्हणजे आता ही खोली त्या कर्सरच्या जिवावर उभी आहे!

*

लॅपटॉप आला तेव्हा आम्ही तिघं होतो. मी, कोर्ट आणि पोलीस बघणारा सुभाष पाईकराव, आणि बाजारभाव व खेळ लिहिणारा रहीम शेख. तिघंही टाइपरायटरवर घडलेलो. मनगट टेकवून, कळा बडवून लिहिणारे. लॅपटॉपवर मनगट टेकलं की ते टचपॅडवर पडायचं, आणि कर्सर एका बातमीतून दुसऱ्या बातमीत!

एकदा एका पतसंस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार आणि सेनगाव रस्त्यावरचा अपघात अशा दोन बातम्या मी एकापाठोपाठ लिहिल्या. सकाळी छापून आलं, "सत्काराला उत्तर देताना अध्यक्षांच्या पायाला गंभीर मार लागला असून त्यांना नांदेडला हलवण्यात आले."

दुपारी अध्यक्षांचा फोन. "सर, सकाळपासून घरी माणसं फळं घेऊन येऊन राहिलेत! पाय दाखवून दाखवून थकलो मी!"

"चूक झाली. उद्या खुलासा छापतो."

"न्हाई, न्हाई! राहू द्या. सत्काराला एवढी माणसं न्हवती आली."

*

मी मुख्य कचेरीला तक्रार केली. उत्तर आलं, "रिस्टार्ट करा." पुन्हा तक्रार. पुन्हा उत्तर, "रिस्टार्ट करा." तिसऱ्यांदा मी लिहिलं, "आम्ही रिस्टार्ट करून दमलो, आता तुम्ही करा!" त्यावर उत्तरच आलं नाही.

पाईकरावनं इलाज काढला. त्याच्या थोरल्या पोरीची लग्नपत्रिका जाड पुठ्ठ्याची होती. त्यानं कात्रीनं तिचा बराबर टचपॅडएवढा तुकडा कापला आणि चिकटपट्टीनं वर बसवला. कळमनुरीच्या बाजारातून एक माऊस आणला. कर्सर गुमान बसला! त्या तुकड्यावर पत्रिकेतलं फक्त "चि. सौ. कां." तेवढं आलं होतं. पुढचं नाव कापलं गेलेलं.

शेख म्हणाला, "सर, अब इसके सामने गाली मत देना. घर की बच्ची है."

तेव्हापासून मी लॅपटॉपवर ओरडायचा थांबलो. मुख्य कचेरीवर ओरडतो.

*

शेखचं दुखणं वेगळंच. एक दिवस तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. "सर, मैं लिख रा, और ये खा रा!"

खरंच. तो एक अक्षर लिही, पुढचं एक गायब. हळदीच्या भावाची बातमी त्यानं चार वेळा लिहिली, चारही वेळा निम्मी पोटात गेली. पाईकरावनं मान लांबवून पाहिलं आणि म्हणाला, "इन्सर्टची कळ दाबली गेली रे तुझ्याकडून." मग कशाला ठेवायची ती? शेखनं नेलकटरनं उचकटून काढली आणि टेबलाच्या खणात टाकली.

पुढं मुख्य कचेरीनं माणसं कमी केली. आधी शेख, मग पाईकराव. मी तिकडं जाऊन भांडलो. टेबलावर हात आपटून भांडलो! त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा पाजला, आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.

शेवटच्या दिवशी शेखनं आपला डबा घेतला, खण उघडला आणि ती कळ खिशात टाकली.

"ती कशाला नेतो?"

"ले जाता सर. यहाँ रही तो फिर कोई लगा देगा."

*

पाईकराव पुण्याला पोराकडं गेला. पण लॅपटॉपला काही झालं की मी त्यालाच फोन लावतो. एकदा अक्षरं दाबली की आकडेच उमटायला लागले. अर्धं पान लिहून वर पाहिलं तर सगळे चार, पाच, सहा!

"नम लॉक लागलंय सर. खालची निळी कळ धरा अन् वरची नम लॉक दाबा."

अर्ध्या मिनिटात काम झालं. त्यानंतर आम्ही अर्धा तास बोललो. कयाधू नदीला पाणी आहे का, त्याची नात काय खाते, कोणत्या वकिलानं कोर्टात काय केलं. फोन ठेवला तेव्हा चहावर साय धरली होती.

आठ दिवसांनी मी पुन्हा फोन केला. "पाईकराव, पुन्हा आकडे उमटून राहिलेत."

"सर, मागल्या हप्त्यात तर सांगितलं."

"विसरलो."

"तुमी? तालुक्यातल्या प्रत्येक सरपंचाचा भ्रष्टाचार तारखेसकट पाठ असणारे तुमी विसरलात?"

मग तोच म्हणाला, "बरं. पहिल्यापासून सांगतो. लॅपटॉप समोर हाय का?"

"व्हय."

लॅपटॉप वर खोलीत होता, मी खाली स्टँडच्या बाकावर. तेवढ्यात माझ्या मागं कंडक्टर ओरडला, "कळमनुरी, कळमनुरी, कळमनुरी!"

पाईकरावनं ते ऐकलं. ऐकलंच असणार! तो म्हणाला, "हं. दाबा मग ती निळी कळ."

"दाबली," मी म्हणालो.

*

खोलीत माणसं येतात अजून. गेल्या महिन्यात हट्टा गावच्या एक बाई आल्या. गावच्या ओढ्यावर पूल नाही, पाणी आलं की लेकरांची शाळा बुडते. अर्ज पॉलिथिनच्या पिशवीत, पिशवी पदराच्या गाठीत. सगळीकडं जाऊन आल्या होत्या. मी लिहायला बसलो. पत्रिकेची एक कड सुटली होती, त्यामुळं कर्सर पुन्हा उड्या मारायला लागला.

त्या पुढं वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "ते उभं कुसळ पळून राहिलं बघा, सायेब."

"पळू द्या. मी पकडतो."

"तुमी एकटेच काहून बसता इथं?"

"बातमी यायची वाट पाहतो."

"मंग मी आले की!"

बातमी पंधरा मिनिटांत झाली. गाडीला वेळ होता, म्हणून त्या पाईकरावच्या खुर्चीवर दोन तास बसल्या. बोलल्या फारसं नाहीत. पण त्या दिवशी मी तीन बातम्या लिहिल्या.

*

आणि परवा मुख्य कचेरीची तपासणी आली. कॉम्प्युटर सपोर्टच्या माने मॅडमचा फोन. आवाजावरून माझ्याच वयाच्या. तिकडूनच त्यांनी लॅपटॉप ताब्यात घेतला. माझा हात न लागता बाण पडद्यावर फिरायला लागला! त्यांनी एक फॉर्म उघडला. "लॅपटॉप वापरण्यायोग्य: होय / नाही." खाली शेऱ्याची चौकट.

"सर, आता टचपॅडवर बोट फिरवा."

पत्रिका काढावी लागली. टर्रकन काढली. बाण असा पळाला की फॉर्मच्याही बाहेर!

"सर, हा उडतोय."

"जुना आहे. थोडा उडतो."

"थोडा?"

बाण आपोआप "नाही"जवळ जाऊन उभा राहिला. टेबलावर हात आपटून काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं. मी बाजूला नोटपॅड उघडलं आणि दोन्ही हातांनी बडवायला लागलो. "मॅडम, या खोलीत चार खुर्च्या आहेत. लॅपटॉप नेला तर खोली जाईल." तेवढ्यात मनगट टेकलं, कर्सर उडाला, आणि पुढचं वाक्य थेट त्यांच्या शेऱ्याच्या चौकटीत उमटलं, "मग हट्ट्याच्या बाईंनी कुठं बसायचं?"

"पंजा उचला, सर," मॅडम म्हणाल्या. "ह्या बाई कोण?"

मी सांगितलं. ओढा, पूल, पिशवी, दोन तास. सांगून झालं तरी फोन चालूच होता. त्यांच्या मागं ना माणसाचा आवाज, ना खुर्चीचा.

"सर, तुमच्याकडे कुणी बोलताना ऐकू येत नाही."

"तुमच्याकडं तरी कुठं येतंय?"

"आम्ही सहा जण होतो."

"आणि आता?"

"आता मी शेरे लिहिते."

बाण हलला. "नाही"वरून निघाला आणि "होय"वर टेकला. माझं वाक्य पुसलं गेलं. त्या जागी एकेक अक्षर उमटत गेलं. "किरकोळ दोष. रोज सायंकाळी पाच वाजता मुख्य कचेरीतून तपासणी आवश्यक."

"आणि सर, जे काढलंत ते परत चिकटवा. चिकटपट्टीचा आवाज ऐकला मी मघाशी."

काल पाच वाजता मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. माऊसला हात नाही. "चि. सौ. कां." जागेवर. पडद्यावरचा बाण हलला, नोटपॅड उघडलं, आणि अक्षरं यायला लागली.

"हट्ट्याच्या बाई आल्या का?"

मी कप खाली ठेवला. पंजा उचलून, एकेक कळ दाबत लिहिलं, "अजून न्हाई. बसा."