उशाची आंबील

आमची पोस्ट बर्फात, पार वर होती. जागेचं नाव लिहीत नाही. हिवाळ्यात खाली उतरायची वाट बंद व्हायची. आम्ही पाच जण, टेंट दोन. वरच्या टेंटात कॅप्टन साहेब आणि रेडिओ ऑपरेटर पवार. खालच्यात हवालदार दत्तू जाधव, लान्स नायक शिंदे आणि मी, शिपाई.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन तयार उभं राहायचं. मग फावड्यानं टेंटवरचा बर्फ काढायचा, दर तासाला रेडिओवर रिपोर्ट द्यायचा, बुखारी विझू द्यायची नाही. बुखारी, म्हणजे टेंट गरम ठेवायची शेगडी, केरोसीनवर चालायची. चहाला केरोसीनचा वास, पोळीला केरोसीनचा, मोज्यांना केरोसीनचा. पुढं पुढं नाकाला तो कळायचाच बंद झाला.

जाधव येडशीचे, मी जळकोटचा. एका जिल्ह्याचे म्हणून मी त्यांना नाना म्हणायचो. रजेवरून येताना त्यांनी ज्वारीचं पीठ आणलं होतं. मार्गशीर्ष अमावस्या जवळ आली, म्हणजे आमच्याकडची येळवस. त्या दिवशी घरादारानं रानात जायचं, पूजा करायची, भज्जी-भाकरी खायची आणि आंबील प्यायची. नानांनी दूध पावडरचं ताक केलं, त्यात पीठ कालवलं, लसूण ठेचून घातला, आणि डबा घोंगड्यात गुंडाळून बुखारीजवळ उशाला ठेवला. थंडीत ती आंबायला दिवस लागले, पण आंबली.

शिंदे साताऱ्याकडचा. म्हणाला, "नाना, मोजे शिजवलेत का?"

"गप ए. वावर न्हाय तर न्हाय, येळवस तर करायचीच."

मला तो वास सोसत नव्हता. वडील गेले त्या साली येळवसेची आंबील घरात तशीच राहिली होती. कुणाला फेकायचं सुचलं नाही. वास घरभर. त्याच महिन्यात माझी नववी सुटली. तेव्हापासून आंबट वास आला की मी उठून बाहेर जायचो. मी म्हटलं, "नाना, डबा भाईर ठिवू का?"

"भाईर ठिवला तर दगड व्हईल. तुला सोसंना तर तूच जा भाईर. पाण्यासाठी बर्फ घिऊन ये."

तीन दिवस बर्फ पडत होता. साहेब सकाळपासून सारखे वरच्या उताराकडं बघत होते. दुपारी मी बर्फासाठी पत्र्याचा रिकामा डबा घेऊन बाहेर पडलो. खडकाच्या आडोशाला असलेल्या वरच्या टेंटापाशी पोचलो आणि कडाड आवाज होऊन बाजूचा उतार कोसळला. मागं वळलो तर खालचा टेंट नव्हता. सगळं सपाट, पांढरं.

पवार रेडिओवर ओरडत होता. "दो आदमी दबे हैं, ओव्हर." खालून उत्तर आलं, मदत निघते आहे, वेळ लागेल. किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

आम्ही तिघं, फावडी तीन. बर्फाखाली माणूस फार वेळ टिकत नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. टेंट जागचा सरकला होता. केरोसीनचे ड्रम फुटून उतारभर वास सुटला होता, जिथं उकरू तिथं केरोसीन. साहेब म्हणाले, वास जास्त आहे तिथं बुखारी असेल. तिथं खणलं. ड्रम निघाला. पुन्हा दुसरीकडं खणलं. पुन्हा ड्रम.

मी बराच खाली सरकून फावडं मारलं. पात्याला आलेला बर्फ नाकाशी नेला. केरोसीनच्या आडून आंबट वास आला.

"साहेब, इथं!"

"कैसे मालूम?"

"आंबील आहे साहेब. नानांच्या उशाची."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. चुकलो तर दुसरी जागा खणायला वेळ उरणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

"पक्का?"

"पक्का साहेब."

ते धावत आले. तिघांनी तिथंच खणलं. आधी घोंगडं लागलं. मग शिंदेचा हात. हात हलला. त्याला ओढून काढलं तेव्हा तो खोकत होता. नाना त्याच्या अंगावर पालथे होते. त्यांच्या पाठीवर टेंटचा खांब. आम्ही त्यांची छाती दाबत राहिलो. अंधार पडल्यावर साहेबांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, "बस."

आता मी फौज सोडून सुरतेत एका कारखान्याच्या गेटवर ड्यूटी करतो. रात्री अजून दचकून उठतो. वाटतं, नानांनी माझं ऐकून डबा बाहेर ठेवला असता तर? साहेबांनी माझ्यावर भरवसा टाकला नसता तर? शिंदेचा फोन येतो. पोरीचं बारसं झालं म्हणाला. मी हात जोडतो, कुणाला ते नक्की सांगता येत नाही.

दर येळवसेला रजा काढून येडशीला जातो. पहिल्या साली काकूंनी, म्हणजे नानांच्या मंडळींनी, आंबील केलीच नव्हती. म्हणाल्या, "तुला वास सोसत न्हाय म्हणं. पोस्टवरनं फोन केला तवा ह्यांनी सांगितलं व्हतं."

"आता सोसतोय काकू. करा."

तेव्हापासून रानात आंबिलीचं बिंदगं, मातीचं मडकं, मीच डोक्यावर नेतो. वाटेत ती हिंदकळते, मानेवरून शर्टात उतरते. मी पुसत नाही. मागच्या खेपेला तोच शर्ट घालून परतीच्या गाडीत बसलो. शेजारच्यानं नाकाला रुमाल लावला.

"कसला वास हो हा?"

"आमच्या हवालदारांचा," मी म्हटलं. "दत्तू जाधव. येडशीचे."