लेखकाला विचारा

"वाच ना. स्वतःचंच लिहिलेलं आहे, त्यात अडखळतेस काय?"

मी माईकसमोर उभी होते. हातात नवं कोरं पुस्तक. चेन्नईतल्या मराठी मंडळानं काढलेलं, इथं येऊन राहिलेल्या माणसांच्या आठवणींचं. प्रकाशनाच्या दिवशी प्रत्येकानं आपल्या लेखाचं एक पान वाचायचं, अशी मंडळाची पद्धत. माझी पाळी आली. मी पान उघडलं. त्या पानावर माझं नाव सोडून माझं काहीच नव्हतं.

म्हणून थांबले होते. तर व्यासपीठावरून संपादक काका हे बोलले. हॉल हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "इंग्रजी ऑफिसात बसून मराठी विसरली वाटतं!" हॉल पुन्हा हसला.

मी वाचलं. गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, हे वाचलं. त्यांचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत, हेही वाचलं. माझ्याच तोंडानं. टाळ्या पडल्या. रेशमी पट्टूसाडीतल्या एक बाई डोळे टिपत जवळ आल्या.

"किती गोड लिहितेस गं. तुमच्यातल्या बाकीच्यांसारखं कडू नाही."

मी लिहिलं होतं ते असं होतं. शाळेत बक्षीस समारंभ. निबंधात माझा पहिला नंबर. पाहुणे यायच्या आधी मैदानात मेलेलं कुत्रं सापडलं. गुरुजींनी वस्तीत सांगावा धाडला. माझ्या आईला बोलावलं. आई माझा समारंभ बघायला म्हणून धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. त्याच लुगड्यात तिनं कुत्र्याला दोरी बांधली आणि सगळ्या शाळेच्या डोळ्यांदेखत मैदानभर ओढत नेलं. मग फाटकाबाहेरच उभी राहिली. तिला कुणी आत ये म्हणालं नाही. बाकीच्या पोरांना गुरुजींनी बक्षीस हातात दिलं. माझं टेबलावर ठेवलं. म्हणाले, "उचल."

एवढंच. हात वगैरे कुणी ठेवला नव्हता.

आमच्या जातीचं नाव मी लिहिलं होतं. पुस्तकात तिथं 'एका कष्टाळू कुटुंबात' असं होतं. कुत्रं नव्हतं. दोरी नव्हती. आईसुद्धा नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर लोक इडली-सांबाराच्या रांगेत लागले. मी काकांना गाठलं. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. मंडळात सगळे त्यांना वाकून बोलतात.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं," ते म्हणाले. "समारंभाचं पुस्तक. त्यात मेलेलं कुत्रं कसं चालेल? जात कशाला मधे आणायची? आणि वाचकाला शेवटी थोडा उजेड लागतो."

"मला विचारलं का नाही?"

ते खरंच चकित झाले. "संपादन काय लेखकाला विचारून करायचं असतं?"

हो. विचारूनच करायचं असतं. हे मला माहीत आहे, कारण माझं पोट त्याच कामावर चालतं.

पेरुंगुडीच्या एका ऑफिसात मी परदेशी प्रकाशकांची पुस्तकं तपासते. तिकडच्या प्राध्यापकांनी लिहायचं, इकडे आम्ही एसीत कुडकुडत एकेक ओळ नीट करायची. छापून आलेल्या पुस्तकात आमचं नाव कुठं नसतं. पण एक नियम पहिल्या आठवड्यातच अंगात भिनवला जातो. लेखकाच्या अर्थाला धक्का लागत असेल, तर हात लावायचा नाही. समासात प्रश्न लिहायचा. 'लेखकास प्रश्न: इथे असं म्हणायचं आहे का?' उत्तर येईपर्यंत पान पुढे सरकत नाही.

आमच्या टीमच्या प्रमुख सेल्वी अक्का. सुरुवातीला मी एका प्राध्यापकाचं एक वाक्य बरं दिसावं म्हणून फिरवलं. अक्कांनी खुर्ची माझ्याकडे ओढली.

"हे पुस्तक तुझं का?"

"नाही."

"मग केळु मा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "विचार. आपण विचारायचं."

विचारलं. त्या प्राध्यापकाचं उत्तर आलं: 'नाही. होतं तसंच राहू द्या.' कारण दिलं नव्हतं. कुणी मागितलंही नाही. आम्ही निमूट वाक्य जसंच्या तसं परत ठेवलं.

मी कधी न पाहिलेल्या माणसाचं एक वाक्य मी असं राखते. आणि माझी आई कुणालाही न विचारता पानावरून उचलली गेली.

तरी मी गप्प बसले असते. खरं सांगते. मंडळात चार ओळखी होत्या. परमुलखात आपली भाषा बोलणारी माणसं लागतात. पण मंडळानं त्या वाचनाचा व्हिडिओ फिरवला. फिरत फिरत तो गावी गेला. भावानं मोबाईल आईच्या हातात दिला. आईचा फोन आला.

"त्या गुरुजीनं कवा हात ठेवला गं तुझ्या डोक्यावर?"

तीच पुढं म्हणाली,

"मी फाटकाशीच हुते की. मला कसा दिसला न्हाई?"

"आई, ते मी नाही लिहिलं. त्यांनी बदललं."

"पण बोललीस तर तूच. तुझाच आवाज हाय." मग म्हणाली, "त्या दिशी मला आत घेतलं न्हाई. आता तू बी बाहेरच ठिवलंस."

फोन ठेवला तिनं.

माझा बाप पत्रकं वाटायचा. चळवळीची, एका पानाची, स्वस्तातल्या गुलाबी कागदावरची. उरलेल्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. प्रत्येक पत्रकाच्या तळाला बारीक टाइपात मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव. बाप म्हणायचा, "आधी तळ वाच. ज्याला खाली नाव टाकायची भीती वाटते, त्यानं वर लिहू नये." आता माझं नाव होतं, आणि वरचं माझं नव्हतं.

पुढे काकांचाच फोन आला. पुण्याचा एक मोठा प्रकाशक ते पुस्तक महाराष्ट्रभर काढणार होता. "त्यांना तुझा लेख सगळ्यात आवडलाय. हो म्हण, म्हणजे पुढं पाठवतो."

मी मंडळाच्या खोलीवर गेले. माझ्या लेखाची पानं त्यांच्यापुढे ठेवली. समासात मी लिहिलं होतं, ऑफिसात लिहिते तसंच. फक्त प्रश्न लेखकाला नव्हता.

'संपादकास प्रश्न: हा हात कुणाचा? कुठून आणला?'

'संपादकास प्रश्न: मैदानातलं कुत्रं कुणी ओढलं?'

'संपादकास प्रश्न: फाटकाबाहेर माझी आई उभी होती. ती कुठं गेली?'

काका हसले. "हा काय पोरखेळ?"

"उत्तरं द्या. नाहीतर सगळं होतं तसं परत घाला."

"तसं कोण छापेल?"

"मग लेख काढा."

त्यांचा आवाज बदलला. "तुम्हा लोकांचं हेच. जरा जवळ केलं की डोक्यावर बसता. वर्षानुवर्षं लोक एका संधीसाठी झुरतात. उद्या तुला दारात कोण उभं करील?"

दारात कोण उभं असतं ते मी लहानपणीच पाहिलंय. मी पेन काढलं. लेखावरचं माझं नाव खोडलं. पानं तिथंच ठेवून जिना उतरले.

महाराष्ट्रभर जायचं पुस्तक माझ्याशिवाय गेलं. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. तिथं माझ्याशी बोलणारं आता कुणी नाही. असू दे.

अंबत्तूरला एका छोट्या छापखान्यात मी माझा लेख छापून घेतला. एक पान, पाठपोट. छापणाऱ्याला मराठी येत नव्हती. अक्षर न् अक्षर मी उभं राहून तपासलं. जात आहे. कुत्रं आहे. दोरी आहे. आई आहे. तळाला लेखक म्हणून माझं नाव, प्रकाशक म्हणूनही माझंच. पहिला गठ्ठा गावी पाठवला, त्या शाळेच्या फाटकावर वाटायला.

यापुढे माझी आई कुणाला पानावरून हलवायची असेल, तर त्यानं आधी मला विचारायचं. माझं उत्तर आत्ताच देऊन ठेवते.

नाही. होतं तसंच राहू द्या.