पेनाचं टोपण

२०१६ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं अन् आमचं उदगीर जिल्हा होणार म्हणून लोक हरखले होते. उदगीरच्या बँकेत शिक्षणकर्जाच्या टेबलावरचा क्लार्क सहीला पेन द्यायचा, पण टोपण स्वतःच्या मुठीत धरून ठेवायचा.

माझ्या नातीला नांदेडला पाणी, शेती अन् कायदा एकत्र शिकवणारी पदवी घ्यायची होती. जामीन मीच. क्लार्कनं अर्जावर शिक्षणापुढं 'इतर' लिहिलं.

मी भडकलो. "माझी नात काय इतर हाय?"

"असं बघा मामा, या पदवीला आमच्याकडं रकानाच न्हाई. पण हप्ता सुरू झाला की तिला पगार किती राहील?"

"लई राहील!"

"असं बघा, आजवर कुणाला मिळाला?"

तरी मी हट्टानं सहीसाठी हात पुढं केला. त्यानं पेनाला टोपण लावलं अन् पेन खिशात घातलं. "आधी शिकून निघालेल्यांना विचारून या."

चारचौघांत माझा अपमान झाला, पण माणूस खोटा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेऊन मी नांदेडची पहिली एसटी धरली, त्या पोरांना त्यांचा पगार तोंडावर विचारायला.