डाळीची बाटली

आम्ही सुरतच्या किडनी वॉर्डातली जुनी मंडळी अजूनही वर्षातून एकदा भेटतो. सुरुवात होते गुडघ्यांपासून, मग कुणाच्या सुनेचं, कुणाच्या नातवाचं. तासाभराने कुणीतरी म्हणतं, "ती डाळीची बाटली आठवते?" की झालं. ज्या विषयावर आम्ही त्या काळात घाबरून, वाचून, भांडून दिवस काढले, त्याच्या नुसत्या गोष्टी उरल्यात. मी सांगायचं ठरवलं नव्हतं, पण इतक्या साठल्यात की आता कुठेतरी ठेवायला हव्यात.

मी तिथे डाएटिशियन होते. माहेर नाशिकचं, नवरा बँकेत, त्याची बदली सुरतला झाली म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागले. डायलिसिसची तीन मशिनं, एक डॉक्टर, एक सिनियर नर्स आणि मी. डॉक्टर म्हणजे बिपिनभाई. शिक्षण मुंबईत झालेलं, त्यामुळे आमच्याशी मराठी बोलायचे, सुरती वळणाचं. नर्स मंजुबेन. त्या बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त.

* * *

बाटलीला ते नाव दिलं देवरे मास्तरांनी. हे सुरतच्याच मराठी शाळेतले गणिताचे शिक्षक. किडन्या हळूहळू गेलेल्या. दोन वर्षं मी त्यांच्या डाळीवर पहारा ठेवला होता. वाटी नाही, चमचा. उसळ नाही, पनीर नाही. मास्तर सगळं पाळायचे आणि वहीत लिहून आणायचे.

पुढे डायलिसिस सुरू झालं, त्यांना अन्नाचा वासही सहन होईना, अंगावरचं मांस उतरत गेलं. तेव्हा बिपिनभाईंनी ती बाटली मागवली. काचेची, आत पिवळसर झाक असलेलं पाणी, उजेड लागू नये म्हणून वरून काळा कागद गुंडाळायचा. डायलिसिस चालू असताना रक्ताच्या नळीतून ती हळूहळू सोडायची.

"यात काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"अमिनो अ‍ॅसिड. म्हणजे डाळीत, दुधात जे प्रोटीन असतं ना, त्याचेच सुटे भाग," मी म्हटलं.

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही माझ्या तोंडाशी येणारी डाळ अडवलीत आणि आता तीच शिरेतून घालताय?"

मी सरळ बिपिनभाईंकडे गेले. ते म्हणाले, "त्यांना सांग, डाळ म्हणजे विटांचा अख्खा ट्रक. शरीर लागतील तेवढ्या विटा घेतं, बाकीचा चुरा होतो. तो चुरा बाहेर टाकायचं काम किडनीचं. या बाटलीत चुरा कमीत कमी होईल अशा निवडक विटा आहेत, ज्या शरीराला स्वतःला बनवता येत नाहीत."

मी परत येऊन मास्तरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला. आता समाधान झालं असं मला वाटलं.

"विटा आल्या," मास्तर म्हणाले. "गवंडी कामावर येतोय का, ते कुणी बघितलंय?"

या विटा रचायचं बरंचसं काम लिव्हरचं. मी प्रश्न सांगितला आणि बिपिनभाईंनी त्याच दिवशी मास्तरांच्या लिव्हरची तपासणी लिहून दिली. म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. मला आधी सुचायला हवा होता."

* * *

कांताबेन नावाच्या एक जैन आजी होत्या. गोपीपुऱ्यात राहायच्या. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही, कांदा-बटाटा नाही. त्यांना बाटली लावायची ठरली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"बेन, आ शेमांथी बने छे?"

कशापासून बनते? बाटलीवर सगळी नावं होती, पण मूळ कुठेच नव्हतं. मी नाही, मंजुबेन नाही, बिपिनभाईही नाही, कुणालाच सांगता येईना. आम्ही कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, हा प्रश्न पहिल्यांदाच आला." त्याने मुंबईला पत्र टाकलं. उत्तर यायला तीन आठवडे लागले आणि तोवर कांताबेन थांबल्या. उत्तर आलं, प्राण्यापासून काही घेतलेलं नाही. मग बाटली लागली, पण एका अटीवर. सूर्य मावळायच्या आत संपली पाहिजे. म्हणून त्यांची पाळी कायम सकाळची.

एकदा मशीन बिघडलं. दुरुस्त होईपर्यंत दुपार उलटून गेली. कांताबेनची पाळी सुरू झाली चारला. बाटली अर्धी राहिली आणि खिडकीबाहेर ऊन गेलं. मंजुबेनने नळीच्या चिमट्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर आजींच्या कागदांवर नजर लावून होते. त्यांना माहीत होतं, आजींचं वजन किती उतरलंय ते.

कांताबेननी मंजुबेनचा हात चिमट्यावरून बाजूला केला. मग म्हणाल्या, "चालवा दो. मारी जीभने खबर नथी पडी. जीभने खबर नहीं, तो खाधुं केम कहेवाय?"

जिभेला कळलं नाही, तर खाल्लं कसं म्हणायचं? आम्हा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. मंजुबेनने लगेच त्यांची गोळी काढली आणि घोटभर पाणी पुढे केलं.

कांताबेननी ग्लास हाताने बाजूला सारला. "पाणी? सूरज डूबी गयो."

* * *

जिभेवरून आठवलं. त्या बाटलीतल्या पाण्याची चव कशी असेल, हे कोडं मला फार दिवस होतं. आयुष्यभर लोकांच्या ताटात काय असावं ते मी सांगायचे, आणि हे एकच जेवण असं होतं की जे कुणीच चाखलेलं नाही. एकदा उघडलेली बाटली पुन्हा वापरायची नसते, उरलेलं टाकूनच द्यायचं. एके दिवशी तळाशी चमचाभर राहिलं. मी मंजुबेनकडे बघितलं. त्यांनी दोन चमचे आणले.

आधी कडू. मग खारट. मग गंधकासारखा एक वास नाकात चढला तो जाईना. मंजुबेनने तोंड फिरवलं. नेमके तेव्हाच बिपिनभाई आत आले. आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या चमचे पाठीमागे लपवले. त्यांनी हात पुढे केला, उरलेले दोन थेंब बोटावर घेतले, चाखले आणि शांतपणे बेसिनकडे गेले. चूळ भरून वळले.

"शिरेतूनच का देतात, ते आता नीट कळलं."

* * *

पुन्हा देवरे मास्तर. ही गोष्ट आता हसून सांगते, पण त्या दिवशी मास्तर हातचे जायची वेळ आली होती.

बाटली लागल्यापासून मास्तरांचं वजन मी दर वेळी बघायचे आणि दर वेळी माझं तोंड पडायचं. काटा हलायचाच नाही. एका मंगळवारी मास्तर काट्यावर चढले आणि एकदम दीड किलो वाढ. मी खूश. पण डायलिसिसच्या रुग्णाचं वजन दोन दिवसांत वाढलं तर ते मांस नसतं, पाणी असतं, असंच धरतात. मंजुबेनने त्या हिशेबाने मशीनला जास्त पाणी काढायला लावलं.

दोन तासांनी मास्तरांच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग घाम, मग डोळे फिरले. ब्लड प्रेशर इतकं खाली की मंजुबेनने दोनदा मोजलं. पाय वर केले, सलाइन सोडलं, बिपिनभाई धावत आले. "एवढं पाणी नव्हतंच याच्यात," ते म्हणाले. "वजन कुणी घेतलं?"

मीच घेतलं होतं.

पाय वर धरताना मंजुबेनच्या हाताला काहीतरी टणक लागलं. लेंग्याच्या आतल्या खिशात हात घातला तर निघाली शाळेच्या कपाटांची दोन मोठी पितळी कुलपं. दुसऱ्या खिशात किल्ल्यांचा जुडगा.

मास्तर शुद्धीवर आले तेव्हा ती कुलपं टेबलावर होती. बिपिनभाई चिडून येरझाऱ्या घालत होते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, ओशाळून.

"बाई, दर वेळी तुमचं तोंड पडायचं. म्हटलं, एकदा तरी तुम्हाला पास करावं."

त्यानंतर वजनकाट्यावर काय दिसतंय याचे भाव माझ्या चेहऱ्यावर कधी आले नाहीत. मी ते शिकून घेतलं.

* * *

चौऱ्याण्णवचा पावसाळा. खाडीचं पाणी पर्वत पाटियाच्या बाजूच्या वस्त्यांत शिरलं होतं आणि ते ओसरल्यावर शहरात प्लेगची बातमी पसरली. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती, जो तो गाव गाठत होता. माझा नवराही म्हणाला, "चल नाशिकला." मी म्हटलं, "किडनीचे पेशंट कुठे जाणार? मशीन सोबत नेता येत नाही."

त्याच आठवड्यात सुकदेव आला. अमळनेरकडचा, कडोदऱ्याला लूमवर काम करणारा. वय तिशीचं. खोलीत गुडघाभर पाणी भरलं होतं, त्यात दोन दिवस सामान वाचवत फिरला. मग ताप, डोळे पिवळे, लघवी बंद. सोबत धाकटा भाऊ भिका आणि बायको कलाबाई.

बिपिनभाईंनी तपासलं आणि दारात उभं राहून मला म्हणाले, "हा लेप्टोचा ताप दिसतो. उंदरांच्या लघवीचं पाणी जखमेतून आत जातं. किडनीवर बसलाय."

यातला एकच शब्द बाहेर गेला. उंदीर. त्या आठवड्यात सुरतेत तो शब्द पुरेसा होता. अर्ध्या तासात वॉर्ड रिकामा. सफाईवाला गेला, मंजुबेनच्या हाताखालच्या दोन नर्सेस गेल्या, बाकीच्या पेशंटचे नातेवाईक गेले, बाजूच्या खोलीतला हर्नियाचा पेशंट टाके सांभाळत जिना उतरताना मी स्वतः बघितला.

हा प्लेग नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे ओरडून सांगायला बिपिनभाई बाहेर आले तेव्हा ऐकायला कुणीच नव्हतं. फक्त देवरे मास्तर मशीनजवळ शांत पडून पेपर वाचत होते.

"मास्तर, तुम्ही घाबरला नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी दंड दाखवला. "दोन सुया आहेत, बाई. पळालो तर रक्त इथेच राहील."

* * *

माणसं कमी, त्यामुळे सुकदेवच्या बाटलीवर लक्ष ठेवायला भिकाच उरला. सुकदेव अर्धवट शुद्धीत, पोटात काही टिकत नव्हतं, शरीर स्वतःलाच खात होतं. डायलिसिस एक दिवसाआड, आणि रोज दुपारी गळ्याजवळच्या नळीतून ग्लुकोज आणि ही बाटली.

पहिल्याच दिवशी भिकाने घोळ केला. भाऊ उपाशी आहे, लवकर पोट भरावं, म्हणून नळीचं चाक फिरवून धार मोठी केली. सुकदेवला भडाभडा उलट्या. मंजुबेनने त्याला भिंतीशी उभं केलं आणि हळू आवाजात असं काही बोलल्या की तो रडायला लागला.

डोळे पुसून त्याने मला विचारलं, "ताई, मिनिटले कितला थेंब पाडाना, ते सांगा फक्त."

मी आकडा सांगितला. त्यानंतर तो स्टुलावर बसला तो उठलाच नाही. घड्याळ नव्हतं त्याच्याकडे. मी संशयाने माझं घड्याळ लावून मोजलं, थेंब बरोबर. तासाने मोजलं, बरोबर. दुसऱ्या दिवशी मंजुबेनने मोजलं, बरोबर.

"घड्याळाशिवाय कसं जमतं रे?" मंजुबेनने विचारलं.

तो म्हणाला, "बेन, आठ वर्षं लूमवर आहे. धागा तुटला की आधी माझ्या कानाला कळतं. इथे तर एकच धागा आहे."

* * *

आणि आता कलाबाई.

ती बारा दिवस त्या वॉर्डात होती आणि बारा दिवसांत माझ्याशी बारा वाक्यंही बोलली नसेल. डोक्यावरचा पदर, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा. सकाळी वस्तीतून कुणीतरी आणून द्यायचं. ती गाठ मात्र दुपारपर्यंत सोडायची नाही. मला वाटलं, नवस असेल, उपास असेल. मी समजावलं की तू आजारी पडलीस तर दोघांना कोण बघेल. ती नुसती मान हलवायची.

ते कोडं मंजुबेनने सोडवलं. म्हणाल्या, "तमे जुओ, बाटली क्यारे चालू थाय छे."

बाटली कधी सुरू होते, ते मी बघितलं. दुपारी मंजुबेन बाटली लावायच्या, पहिला थेंब पडायचा, आणि कलाबाई पलंगाला टेकून खाली बसायची, फडकं सोडायची, कांदा मुठीने फोडायची आणि जेवायला लागायची. मी विचारलं तेव्हा नवऱ्याकडे बघत, लाजून म्हणाली, "त्या जेवाले बसनात का मंग मी खासू."

सातव्या दिवशी बाटली नव्हती. माल मुंबईहून यायचा आणि त्या दिवसांत सुरतेत गाडी आणायला कुणी ड्रायव्हर तयार नव्हता. दुपार झाली. कलाबाईने बाटलीच्या रिकाम्या स्टँडकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, आज यास्ना डबा नही उना का?"

यांचा डबा आज आला नाही का? फडकं बांधलेलंच. मी शहरभर फोन लावले. निम्मी दुकानं बंद. शेवटी अठवा लाइन्सच्या एका केमिस्टकडे दोन बाटल्या निघाल्या. बिपिनभाई स्वतःच्या स्कूटरवर जाऊन घेऊन आले. पाच वाजून गेले होते. मंजुबेनने बाटली लावली, पहिला थेंब पडला. कलाबाईने कांदा फोडला.

दहाव्या दिवशी सुकदेवला लघवी झाली. आम्ही त्या पिशवीकडे असं बघत होतो की बाहेरच्याला वाटलं असतं, आत सोनं आहे. बाराव्या दिवशी तो पूर्ण शुद्धीवर आला. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला होता. बिपिनभाईंनी मऊ भात द्यायला सांगितलं आणि पलंगाच्या कडेला बसले. त्यांना सवयच होती, शुद्धीवर आलेल्या माणसाला काय आठवतं ते विचारायची.

"सुकदेव, आपण कुठे आहोत?"

"दवाखान्यात."

"किती दिवस झाले?"

त्याला सांगता येईना. ताप आठवत होता, खोलीतलं पाणी आठवत होतं. मशीन आठवत नव्हतं, सुया आठवत नव्हत्या, आमच्यापैकी एकाचाही चेहरा त्याला ओळखीचा वाटला नाही.

"बरं. इतके दिवस पोटात काही नाही, भूक लागली असेल," बिपिनभाई म्हणाले.

सुकदेवने आश्चर्याने त्यांच्याकडे बघितलं.

"काही नही कसं? रोज जेवनू ना. भाकर, मिरचीना ठेचा, कांदा." मग बायकोकडे मान वळवून, जरा तक्रारीच्या सुरात म्हणाला, "एक दिन मात्र हिनी भलता उशीर करा."