साडूभाऊंचे कान

माझे साडू स्पीकर ऐकण्याचा पगार घ्यायचे. बनवण्याचा नाही, विकण्याचा नाही, ऐकण्याचा. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासरेबुवांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, मोठा जावई रिकामटेकडा आहे हे ते सभ्य भाषेत सांगताहेत. मी गाद्या विकतो. माझ्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर आडवं होतं, एकदा कूस बदलतं आणि घेतं किंवा उठून जातं. गादीवर लोळायला मी आजवर कोणाला पगार दिलेला नाही.

पण साडूंचं काम खरोखरच तेच होतं. शहराच्या टोकाला एका शेडमध्ये त्यांच्या शेठची कंपनी आहे. तिथे वर्षाकाठी स्पीकरच्या मोजक्याच जोड्या तयार होतात आणि एका जोडीच्या किमतीत माझं दुकान गाद्यांसकट येईल. सुतार लाकडी पेट्या आरशासारख्या चकाकेपर्यंत घासतात, आत भोंगे बसवतात, आणि मग पेट्या साडूंच्या खोलीत जातात. खोलीला जाड पडदे, भिंतींवर फोमचे ठोकळे आणि मधोमध खुर्ची. एकच, कारण खरा आवाज म्हणे खोलीत एकाच जागी पोचतो. वीतभर बाजूला सरकलात की तुम्ही अडाणी.

त्या खुर्चीत बसून साडू कोणा एका बाईच्या गाण्याची पहिली ओळ वाजवायचे. मग उठायचे, पेटी उघडायचे, आतला एखादा बारका भाग काढून तिथे दुसरा बसवायचे आणि पुन्हा तीच ओळ. असं आठवडेच्या आठवडे. शेवटी त्यांची मान डोलली की स्पीकर पास. मोजायची यंत्रं त्यांच्याकडेही होती, पण साडू म्हणायचे, "आवाज किती ते यंत्र सांगतं. गोड आहे का ते मला विचारा." धंद्यातले लोक त्यांना कानसेन म्हणायचे आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. बहिऱ्यालाही दिसेल इतकं आवडायचं.

घरी तोच प्रकार. हॉल स्पीकरांना दिलेला, सोफा बेडरूममध्ये हाकललेला. बागेत पाणी घालायच्या पाइपाएवढ्या जाड वायरी, आणि त्या लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलेल्या. जमिनीला टेकल्या की आवाज मळतो म्हणे. पाहुण्यांनी स्वयंपाकघरात बसायचं. तिथे आमची ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, चहा द्यायची आणि न थांबता बोलायची. तिचा आवाज अगदी बारीक, आणि बोलायची भूक मोठी. पलीकडे नवरा एका परक्या बाईची एकच ओळ महिनाभर ऐकतोय म्हटल्यावर कोणाचीही वाढेल.

मग साडूंना घरचा आवाज मंद वाटू लागला. आधी त्यांनी पडदे काढले. फरक पडेना, म्हणून गालिचा गेला. मग उशा गेल्या, कारण त्या आवाज पितात. मग वायरी बदलल्या. मग त्यांनी विजेवर संशय घेतला. सकाळची वीज स्वच्छ असते आणि संध्याकाळची गढूळ, हे त्यांनी मला इतक्या गंभीरपणे समजावलं की मी घरी जाऊन ट्यूबलाइटकडे बघत बसलो. आम्ही गेलो की ते नवं काहीतरी ऐकवायचे. झांज वाजली की माळ्यावरून स्टीलच्या ताटांची चळत कोसळावी तसं व्हायचं. माझी बायको कानांवर हात ठेवायची. साडू डोळे मिटून म्हणायचे, "अजून जरा दबलेलाच आहे."

याच कानांनी त्यांनी कंपनीचा नवा स्पीकर पास केला. आता हा माणूस तोंडघशी पडणार अशी माझी खात्री होती. आणि तो स्पीकर असा चालला की शेठला शेड वाढवावी लागली.

कारण मला स्पीकरांच्या प्रदर्शनात कळलं. एका हॉटेलात प्रत्येक कंपनीने एकेक खोली घेतली होती, आणि आमच्या खोलीबाहेर रांग होती. रांगेत सगळे पुरुष, सगळे आमच्या शेठच्या वयाचे, पिकलेल्या मिश्या आणि महागडे चष्मे. आत जाऊन ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, काय मोकळा आवाज आहे. त्यांच्या बायका बाहेर पॅसेजमध्ये दारापासून शक्य तितक्या लांब उभ्या. हॉटेलचा वेटर पाण्याचे ग्लास ठेवून पळाला. मी गाद्या विकत असलो तरी गिऱ्हाईक ओळखतो. हा स्पीकर घेण्याइतका पैसा माणसाच्या हातात येईपर्यंत त्याचे कान उतरलेले असतात. कानसेनने स्वतःच्या गेलेल्या कानांच्या मापाने स्पीकर शिवला होता आणि तो सगळ्या बाजाराला बरोबर बसत होता.

मी हे कोणाला बोललो नाही. चाललेल्या धंद्यात नाक खुपसू नये एवढी अक्कल मला आहे.

पण ताईच्या घरी काही चाललं नव्हतं. तिला एकदा जिन्यात चक्कर आली. भिंत धरून ती कशीबशी वर आली आणि दारातून म्हणाली, "अहो, मला जिन्यात चक्कर आली. पडलेच असते." साडू वायरीतून मान वर न काढता म्हणाले, "हो का? छान."

ती पाणी प्यायली, बॅग भरली आणि आमच्याकडे आली. "हे कान तपासून घेतील, मशीन लावतील, त्या दिवशी घरी जाईन," ती म्हणाली. "नाहीतर तुमच्याकडे गाद्या काही कमी नाहीत."

साडूंचा फोन आला. ताईचं बोलणं त्यांना फोनवर मुळीच कळेना, म्हणून ती बोलायची आणि मी तेच माझ्या भसाड्या आवाजात सांगायचो. नवराबायकोचं भांडण मधल्यामध्ये दोन्ही बाजूंनी ओरडणं हा काय छळ आहे ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. शेवटी मी म्हटलं, "साडूभाऊ, तुम्ही इथे या आणि समोरासमोर भांडा."

ते आले. ताईसमोर बसले. ती बोलत होती आणि ते तिच्या ओठांकडे बघत होते, हे मला पहिल्यांदाच दिसलं.

"जरा खालच्या सुरात बोल ना," ते म्हणाले.

"मला हा एकच आवाज आहे," ताई म्हणाली. मी तेही ओरडून सांगितलं.

मग साडूंनी माझ्याकडे बघून खरं ते सांगून टाकलं. "कानसेन कान तपासायला गेला हे धंद्यात कळलं, तर माझ्यात उरलं काय?" मला पहिल्यांदाच या माणसाची दया आली, आणि तेवढाच रागही आला. ताई उठून आत गेली. साडू म्हणाले, "गाडी काढता का?"

कानाच्या दवाखान्यात एक तरुण मुलगी होती. तिने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले, आवाज आला की बटण दाबा म्हणाली. साडू बराच वेळ बटण न दाबता नुसते बसून राहिले. मग तिने आलेख छापून समोर ठेवला. रेघ जरा वेळ सरळ जात होती आणि मग टेबलाच्या कडेवरून घसरावी तशी खाली कोसळत होती. मुलगी समजावून सांगणार तोच साडूंनी चष्मा लावला. असे आलेख त्यांनी जन्मभर बघितलेले, स्पीकरचे.

"याचा ट्विटर गेलाय," ते म्हणाले. ट्विटर म्हणजे स्पीकरमधला सगळ्यात छोटा भोंगा, बारीक सूर काढणारा. "हा माल मी पास केला नसता." मग त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. गाडीत म्हणाले, "मी पडदे कशाला काढले हो?"

दवाखान्यातल्या मुलीने आठवडाभर वापरून बघायला एक मशीन दिलं होतं. ते लावून साडू शेडमध्ये गेले, मीही बरोबर गेलो. खुर्चीत बसून त्यांनी गाजलेल्या स्पीकरवर तीच ओळ लावली आणि अर्ध्यात बंद केली.

"ही बाई किंचाळतेय," ते शेठला म्हणाले.

"गिऱ्हाईक कुठे तक्रार करतंय?" शेठ म्हणाले. बिचारे वाईट नाहीत. ते स्टूल ओढून साडूंसमोर बसले. "हे बघ, कानसेन. तुझा कान जसा झालाय, तसाच माझा आहे आणि तसाच गिऱ्हाइकाचा. हे मशीन घरी लाव, नाही कोण म्हणतंय? इथे काढून ठेव. आणि पुढचं मॉडेलही असंच कर."

मला शेठचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी असतो तर हात मिळवून मोकळा झालो असतो. साडूंनी मशीन काढलं, तळहातावर ठेवून बघितलं. त्या खोलीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. बाहेरच्या जगात ते कोणीच नव्हते आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"शेठ, मला आता कळलंय," ते म्हणाले. "कळल्यावर मला त्यावर मान डोलावता येणार नाही. ही खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या." आणि मशीन पुन्हा कानात घातलं.

ते पक्कं मशीन घ्यायला निघाले तेव्हा ताईही आमच्याबरोबर आली. मुलीने कॉम्प्युटरला तार जोडली, चार कळा दाबल्या आणि म्हणाली, "झालं काका, बसलं सेटिंग."

"असं कसं झालं?" साडू म्हणाले. त्यांनी ताईला समोरच्या खुर्चीत बसवलं. "हिच्या आवाजावर करा. बाकीचं जग कसंही वाजू दे."

"मी काय बोलू?" ताई म्हणाली.

"काहीही."

ताईने न्हाणीघरातल्या गळक्या नळापासून सुरुवात केली. साडू मुलीला सांगत होते, वरचं थोडं कमी, आता जरा वाढवा, नाही, पुन्हा मागे. मुलगी निमूटपणे कळा दाबत होती. नळावरून ताई जिन्यातल्या चक्करवर आली. मग तिची आई आजारी होती आणि हे प्रदर्शनाला गेले होते त्यावर. मग सोफ्यावर. "हे सगळं मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं," ती मधूनमधून म्हणायची आणि पुढे जायची. साडूंचं वाढवा-कमी करा कधी थांबलं ते मला कळलंच नाही. ते गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकून बसले होते. ताईने डोळे पुसले, पण बोलायची थांबली नाही.

मुलीने घड्याळाकडे पाहिलं. बाहेर माणसं खोळंबली होती. "काका," ती हळूच म्हणाली, "मी मघापासून काहीच बदललेलं नाही."

"माहितीये मला," साडू म्हणाले. "बोलू दे तिला."