हरणाबाई शारजाला निघाल्या

ईट गावात गेल्या तीस वर्षांत जन्मलेल्या निम्म्याहून जास्त पोरांना न्हाऊमाखू हरणाबाईंनी घातलं आहे. दवाखान्यातून बाळबाळंतीण घरी आली की त्यांना बोलावणं ठरलेलं. पाय पसरून पाटावर बसायचं, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं, तेल जिरवून ऊन ऊन पाणी घालायचं आणि शेवटी शेगडीवर ओवा टाकून धुरी द्यायची. उरलेला दिवस शेळ्या, शेणघाण आणि रानातली खुरपणी. वय साठीच्या पुढचं. आधारकार्डावर जन्मतारीख एक जानेवारी, कारण खरी कुणालाच ठाऊक नव्हती.

त्यांची लेक प्रतीक्षा नर्सिंग शिकली आणि शारजाला दवाखान्यात लागली. जावईही तिकडंच. संक्रांतीनंतर एका सकाळी तिचा फोन आला.

"माय, मला दिवस गेलेत. ऑगस्टात तारीख हाय. तू येतीस ना?"

"येते की," हरणाबाई म्हणाल्या. लेक जणू जवळच्या भूमलाच राहत होती.

गावातल्या बायांनी मात्र घाबरवायला सुरुवात केली. तिकडं पन्नास डिग्री ऊन असतंय, घराबाहेर पाऊल ठेवता येत न्हाय. हरणाबाई हसल्या. लग्नानंतर पंधरा वर्षं त्या सासऱ्यांच्या मेंढरांमागं उभा उन्हाळा हिंडल्या होत्या. "उनाचं मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "पासपोर्टाचं काय ते सांगा."

अडलं ते तिथंच. मुलगा रणधीर त्यांना पासपोर्टच्या ऑफिसात घेऊन गेला. कागद जुळले, फोटो निघाला आणि बोटांचे ठसे द्यायची वेळ आली. काचेवर बोटं ठेवली तर मशीन काही घेईना. खिडकीतल्या मुलीनं त्यांचे हात पुसले, पुन्हा ठेवून पाहिले. खुरपं, दोर आणि राख यांनी बोटांवरच्या रेघाच झिजवल्या होत्या.

"आजी, आठ-दहा दिवस हाताला काम देऊ नका," ती मुलगी मायेनं म्हणाली. "रोज तेल नाहीतर साय चोळा. मग या, होईल."

गाडीत हरणाबाई आपले तळवे उलटसुलट करून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "धा दिस बसून काय करू रं?"

घरी सून महादेवीनं ते मनावर घेतलं. खुरपं माळ्यावर टाकलं, भांडी घासायची राख लपवली, शेळ्यांची धार स्वतः काढू लागली. हरणाबाई ओसरीवर हाताला साय लावून बसायच्या आणि दर घटकेला उठायला बघायच्या. "आत्या, बसा!" महादेवी आतून ओरडायची.

चौथ्या दिवशी सुताराच्या घरून सांगावा आला. लेक बाळंत होऊन आली होती, नातीला न्हाऊ घालायचं होतं. हरणाबाई उठल्याच. महादेवी दारात आडवी झाली.

"कढत पाण्यात हात घालणार व्हय तुमी? पासपोर्ट राहू द्यायचा का?"

"मग त्या लेकराला कोण घालंल?"

महादेवीनं पदर खोचला. "मी घालते. तुमी बसून सांगा."

तिनं हे काम कधी केलं नव्हतं. सुताराच्या न्हाणीत ती पाय पसरून पाटावर बसली. हरणाबाई उंबऱ्यावर बसून सांगत होत्या. "मान तळहातावर घे. दाबू नगंस. तेल पाठीवर वरून खाली. आता पाणी, तोंडाला हाताची वळचण कर." पोर पहिल्यांदा किंचाळलं, मग पाठीवर पाणी पडू लागलं तसं शांत झालं. दुपट्यात गुंडाळल्यावर ते जांभई देऊन झोपलं. महादेवीच्या डोळ्यांत पाणीच आलं. हरणाबाई घरी येताना तीनदा म्हणाल्या, "पोर लगेच झोपलं, न्हाय का?"

पुढचे सगळे दिवस महादेवीच जात राहिली. अकराव्या दिवशी मशीननं दहाही बोटं घेतली.

पासपोर्ट आला, व्हिसा आला. हरणाबाईंनी डिंक, खारीक, खोबरं, खसखस घालून बाळंतिणीचे साठ लाडू वळले. ते डब्यात भरत असताना त्यांची मैत्रीण बशीरनबी आल्या. त्यांचा मुलगा दुबईत ट्रक चालवतो आणि त्या स्वतः तिथं तीन महिने राहून आलेल्या. त्यांची चारही नातवंडं हरणाबाईंच्याच पायांवर न्हालेली.

बशीरनबींनी एक लाडू फोडून पाहिला. "खसखस डाली क्या? नक्को माँ, उदर एरपोर्ट पे पकडते."

"खसखशीला?" हरणाबाईंना खरं वाटेना. रणधीरनं फोनवर बघून सांगितलं की खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून तिथं खरंच बंदी आहे. लाडवांतली खसखस वेचून काढता येण्यासारखी नव्हती. हरणाबाईंनी निम्मे लाडू सुताराच्या लेकीकडं आणि निम्मे बशीरनबींच्या बाळंतीण पुतणीकडं पाठवले. दुसऱ्या दिवशी दोघी मैत्रिणींनी मिळून बिनखसखशीचे नवे लाडू वळले.

"नऊवारी चालंल का गं तिकडं?" हरणाबाईंनी विचारलं.

"अंगभर है ना? फिर क्या? स्वेटर लेना लेकिन."

"उनाच्या मुलखात स्वेटर?"

"बाहर भट्टी, घर में जनवरी. एसी चौबीस घंटे."

तेवढ्यात प्रतीक्षानं व्हिडिओवरून आणखी एक गोष्ट सांगितली: शेगडी आणू नको, घरात धूर झाला की छतातली घंटी वाजते. हरणाबाईंनी सामानातून शेगडी काढली आणि ओवा-बाळंतशेपेची पुरचुंडी ठेवली. धुरी नाही तर नाही, शेक तव्यावर करता येईल.

जुलैच्या शेवटी रणधीरनं त्यांना मुंबईला विमानात बसवून दिलं. शारजाला सामान तपासणाऱ्यानं लाडवांचा डबा उघडला, वास घेतला आणि हसून झाकण लावलं. बाहेर आल्यावर गरम वारा तोंडावर आला. त्यांनी पदर नाकावर ओढला.

समोर प्रतीक्षा उभी होती, एक हात कमरेवर. ती रडतच गळ्यात पडली. हरणाबाईंनी तिची पाठ थोपटली, मग दोन पावलं मागं सरून तिला नीट पाहिलं.

"पोट खाली उतरलंय गं," त्या म्हणाल्या. "तारखेच्या भरवशावर राहू नगंस. चल घरी."