रुपचंदचं निदान

देवपुरात घरी कॉम्प्युटर असलेला एकटा माझा मित्र रुपचंद. कॉम्प्युटर जुना, दुपारी हमखास बंद पडायचा. महिनाभर एकेक भाग काढून, पुसून, बदलून रुपचंदनं निदान केलं: त्याला ऊन सोसत नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी नरडाण्याचे पाहुणे त्याचं घर बघायला आले. कॉम्प्युटर पाहायचा म्हणून मुलगीही आली होती. तो चालला नाही, तर स्थळ गेलं. रुपचंदनं घरातला एकुलता कूलर त्याच्याकडे वळवला.

पाहुणे घामानं निथळले.

"कूलर इकडे कर," त्याचे वडील म्हणाले.

"नाना, तो बंद पडेल."

"पाहुणे पडतील ना."

मुलगी उठली. खुर्ची उचलून कॉम्प्युटरशेजारी वाऱ्यात बसली. "आता करा चालू."

तो चालू झाला.

"बठ्ठासमा हाई पोर हुशार शे," सगळ्यांत हीच पोर हुशार, असं नाना पुटपुटले.

संध्याकाळी सुपारी फुटली.